पप्पांच्या ड्रेसची फडकी

सोसायटीच्या ग्रुपवर एका सकाळी आमच्या गॅलरीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, रेलिंगवर फडकी वाळत घालू नयेत, बिल्डिंगची शोभा जाते. फ्लॅटचा नंबर दिला नव्हता. पण फोटोत जाड, राखाडी-निळ्या कापडाची चार फडकी ओळीने लटकत होती आणि मोशीतल्या त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसली फडकी फक्त आमच्याकडे होती. मी तेव्हा चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. शेजारच्या मुलीला दिसू नये म्हणून मी फोन मांडीवर पालथा घातला.

ती फडकी म्हणजे पप्पांचे कंपनीचे ड्रेस. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पप्पांनी उभं आयुष्य लेथवर काढलं. दरवर्षी त्यांना दोन ड्रेस मिळायचे. कोपर विरलं, तेलाचे डाग निघेनासे झाले की आई तो ड्रेस सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि कापायची. शर्टाची पाठ फरशीला, बाह्या ओट्याला, पँटचे पाय बाथरूमला. मात्र कात्री लावण्याआधी ती खिशावर शिवलेली कंपनीच्या नावाची पट्टी ब्लेडने उसवून काढायची. पट्टी सुईदोऱ्याच्या डब्यात जायची. “ज्याचं खाल्लं त्याचं नाव पायाखाली घालू नये,” असं ती म्हणायची. लहानपणी ब्लेड आई धरायची आणि उसवलेले दोरे मी चिमटीने ओढून काढायचे. ते काम मला आवडायचं.

शाळेत इंग्रजीतून शिकल्याचा आमच्या घरात एक फायदा मानला जातो. औषधाच्या बाटलीपासून वीजबिलापर्यंत, छापलेलं सगळं वाचायचं काम माझं. त्यामुळे मी जेव्हा सांगितलं की आता घर साफ करायच्या वस्तू निसर्गाला धरून असलेल्या आणायच्या, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. बांबूच्या दांड्याचा मॉप, झाडपाल्यापासून केलेलं फरशीचं लिक्विड आणि भांडी घासायला नारळाच्या काथ्याचा ब्रश, असं सगळं मी मागवलं. आईने ब्रश उलटसुलट करून पाहिला.

“हे तर नारळ सोलून आपण टाकतो तेच की गं. विकत आणलंस होय?”

मग मी तिला म्हणाले, मॉप तुझ्या गुडघ्यांसाठी आणलाय, खाली बसून पुसायला नको. तिचे गुडघे दुखत होतेच. त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

त्या शनिवारी आई सकाळीच राजगुरुनगरला एका साखरपुड्याला गेली. सिंकखाली तिची फडक्यांची पिशवी असायची. मी ती बाहेर काढली. तळाशी एक सबंध शर्ट होता, धुतलेला, नीट घडी घातलेला. पप्पांचा शेवटचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो आईकडे दिला होता आणि ती “कापते एक दिवस” म्हणत दोन वर्षं टाळत होती. खाली घंटागाडीचं गाणं वाजायला लागलं होतं. गाडी आमच्या गेटवर दोन-तीन मिनिटंच थांबते. मी शर्ट परत पिशवीत कोंबला, खाली गेले आणि सुक्या कचऱ्याबरोबर पिशवी गाडीवरच्या बाईंच्या हातात दिली.

रविवारी आईने शर्टाबद्दल विचारलं. फडकी जुनी झाली म्हणून टाकली, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. शर्ट मात्र त्यात नव्हता म्हणाले, तूच कुठेतरी ठेवला असशील. ती दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून माळा शोधत राहिली. मी स्टूल धरून उभी होते.

मंगळवारी ओला कचरा द्यायला खाली गेले तर गाडीवरच्या बाई त्याच शर्टाने ड्रायव्हरचा आरसा पुसत होत्या. बाही हातात गुंडाळलेली, खिसा बाहेर, खिशावर पट्टी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तो आमचा आहे. मी बादली रिकामी करून घेतली आणि वर आले. बुधवारीही तसंच झालं.

बुधवारी संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले, दोन-चार काड्या निवडल्या आणि शर्टाचं सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. “पट्टी काढली होतीस का?”

“नाही.”

“दिसली नाही?”

याचं उत्तर मी बसमध्ये, ऑफिसात, अंघोळ करताना, कितीदा तरी बदलून पाहिलं होतं.

“दिसली होती,” मी म्हणाले.

मेथी निवडून झाली, तिने काड्या कागदात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीचं गाणं ऐकू येताच ती ब्लेड घेऊन खाली निघाली. मी बादली घेऊन मागे.

“ताई, तो शर्ट जरा द्या बरं. आमच्या मालकांचा आहे.”

“व्हय? लई भारी कापड हाय,” बाई म्हणाल्या. “इतकं घासतीया, एक दोरा सुटला न्हाई. असला टाकला कुणी?”

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “लेकीने माझ्या गुडघ्यांसाठी नवं सामान आणलं. त्या आवराआवरीत गेला.”

“नशीबवान हायसा. आमची तर उठून पाणी देत न्हाईत.”

आई गाडीच्या कडेला शर्ट पसरून एकेक टाका उसवायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाई त्याला म्हणाल्या, थांब की, तुझी काय शिफ्ट चुकतीया. उसवलेले दोरे पट्टीच्या कडेला लोंबत होते. मी बादली खाली ठेवून ते चिमटीने ओढले असते तर काम लवकर झालं असतं. मी बादली धरूनच उभी राहिले. पट्टी निघाल्यावर आईने शर्ट बाईंना परत दिला. “ठेवा. पुसायलाच होता तो.”

वर आल्यावर पट्टी डब्यात गेली. पप्पा पेपर वाचत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही.

मॉप महिनाभर चालला. मग त्याचे धागे सुटून बाथरूमच्या जाळीत अडकायला लागले. तेव्हा कुठे मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. दांडा बांबूचा होता, पुसायचा भाग पॉलिएस्टरचा. मोठी अक्षरं तेवढी मी आधी वाचली होती. आईला हे सांगितल्यावर ती हसलीसुद्धा नाही. पप्पा गाडी धुताना घालायचे ती शेवटच्या ड्रेसची पँट तिने मागून घेतली, कापली आणि एक पाय मॉपच्या खालच्या फळीला गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या दोन रिंगांनी बांधला. फरशी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ निघते. लिक्विड संपल्यावर परत आणलं नाही, ती पाण्यात चमचाभर सोडा टाकते. काथ्याचा ब्रश तिला आवडला, पण आता ती नारळाच्या शेंड्या स्वतःच जपून ठेवते.

पुसून झालं की ते कापड ती रेलिंगवर वाळत घालते. मी ऑफिसला निघताना ते आत घेते आणि वॉशिंग मशीनवर टाकते. शेजारणीला मॉप दाखवताना आई अजून सांगते, “गुडघ्यांसाठी आणला लेकीने.” ग्रुपवरचा फोटो तिने पाहिलेला नाही. माझ्या फोनमध्ये तो आहे.