पहिला मान

इतकी वर्षं हे सांगायचं मी टाळलं. काल नातीच्या लॅपटॉपमधून तापलेल्या धुळीचा वास आला, आणि कॉलेजातली संगणकांची खोली आठवून जीव थाऱ्यावर राहिना. तिथल्या वीस जोडलेल्या संगणकांवर कुणाचं काम आधी चालेल, याचे नियम मी ठरवायचो. प्राचार्यांना खूश करायला मी त्यांच्या कामाला पहिला मान दिला: ते आलं की बाकीची कामं आपोआप बंद. ते सुरू होताच मुरगूडच्या संशोधक बाईंचं बारा दिवस चाललेलं पुराचं गणित मध्येच बंद पडलं. “माझं काय चुकलं ओ, सर?” त्यांनी विचारलं. “तुमचा प्रोग्रामच कच्चा हाय की!” मी हसून म्हणालो. नसलेली चूक त्या महिनाभर शोधत बसल्या आणि प्रबंधाची मुदत हुकली. गेल्या महिन्यात शिवाजी पेठेत भेटल्या. “बरं हाय न्हवं, सर?” “हाय की,” एवढंच मी म्हणालो. “बाई, चूक माझ्या नियमात होती, माफ करा,” हे तोंडातच राहिलं.