वारं हाय!

अण्णांना शेवटचं पाहिलं ते धाराशिवच्या दवाखान्यात. ऑक्सिजनचं सिलिंडर बदलायला नर्सनं नळीला हात घातला, तसा अण्णांचा तळवा वर आला. "वारं हाय," ते पुटपुटले. "आजोबा, बंद केलंय मी." हात खाली येईना. शेवटी ती थांबली, सूं आवाज विरला, मगच नळी काढली. दुसऱ्या सकाळी मी त्यांच्यासाठी डब्यात पेज भरत होते, तेव्हा फोन आला...

अण्णा माझे थोरले दीर. गाव बेंबळी, पण नोकरी सगळी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत. तिथं काही वर्षं सुरुंगाऐवजी दाबलेल्या हवेनं कोळसा फोडायचं काम त्यांच्याकडं होतं. कोळशात भोक पाडायचं, त्यात पोलादी नळी सारायची आणि लांबून हवा भरत राहायची. दाब पुरेसा झाला की हवा एकदम सुटायची आणि कोळशाची भिंत फुगून पुढं कलंडायची. जाळ नाही, धूर नाही. "पण सुनंदा, वात जळताना दिसती तरी. वारं दिसतच न्हाय," अण्णा सांगायचे. म्हणून नळी भरायला लागली की "वारं हाय!" अशी हाळी. ती ऐकली की हात जिथं असेल तिथून निघालाच पाहिजे. नळी रिकामी झाली की "गेलं!"

निवृत्तीनंतर ती हाळी आमच्या स्वयंपाकघरात आली. कुकरखालचा गॅस बंद केला की दारातून "वारं हाय!" आणि सगळ्यांचे हात मागं. अण्णा चमच्यानं शिट्टी उचलून कान देऊन उभे राहायचे, मग "गेलं!" तोवर भाताचा गोळा. पाहुण्यांसमोर मला अवघडल्यासारखं व्हायचं. "अण्णा, उडू द्या की एकदाचा, लई भूक लागलीय," आमचे हे चिडवायचे.

मग विहीर खोल करायचं निघालं. शेजाऱ्याचं घर जवळ, म्हणून सुरुंग न लावता ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर खडक फोडत होते. दुपारी अण्णा आणि मी भाकरी घेऊन गेलो, तर इंजिन बंद. खाली विहिरीत खडक फोडायचं यंत्र अडकलं होतं आणि आमचे हे पाना घेऊन त्याच्या पाइपाचा जोड सोडवत होते. अण्णांची नजर कंप्रेसरच्या हवेच्या टाकीवरल्या काट्यावर गेली. टाकी भरलेली, तिचा कॉक उघडा.

"बाळ्या, वर ये."

"अण्णा, इंजिन बंद हाय की! ही काय तुमची खाण न्हाय."

काठावर बसलेले कामगार हसले. खाली पाना फिरला. अण्णा कॉक बंद करायला धावले, तो गंजून घट्ट. पाना पुन्हा लागला. आणि अण्णांची हाळी आली, "वारं हाय!"

ह्यांचे दोन्ही हात मागं गेले. विचार करून नव्हे, कुकरपाशी जायचे तसे. पाना खाली पडला, हे भिंतीला टेकले, आणि ढिला झालेला जोड आपोआप सुटला. पाइप उसळून समोरच्या खडकावर आपटला, कपच्या उडाल्या. ह्यांचं तोंड वाकलेलं होतं तिथंच, क्षणापूर्वी. हवा सुटत राहिली, पाइप आपटत राहिला. अण्णा "गेलं" म्हणेपर्यंत ना हे हलले, ना मी.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. काल दोघांपुरता कुकर लावला. गॅस बंद केला आणि माझा हात आपोआप मागं आला, ताट घ्यायला आलेल्या ह्यांचाही. चमच्यानं शिट्टी उचलली. वाफ संपली. आम्ही उभेच...

"म्हणा की तुम्ही," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. "राहू दे अजून थोडं. भाताचा गोळा झाला तर होऊ दे."