झुंबरबाईचं नाव घेणं

दर बुधवारी बायकोला लोणावळ्याला न्यायचं म्हटलं की हनुमंताच्या जिवावर येई. तिकोणा पेठेतून कामशेतपर्यंत जीप, तिथून पुढची गाडी, आणि उजव्या अंगानं लुळी पडलेल्या झुंबरबाईला काखेत धरून चढायचं, उतरायचं. वय काय थांबतंय? पोरगी नांदायला गेलेली. भाकरी, भांडी, म्हैस, सगळं त्याच्याच गळ्यात. झटक्यातून म्हातारीचा जीव वाचला, पण शब्द गेले. मनात असलेलं ओठाशी येऊन अडायचं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात सारिका मॅडम अशाच माणसांना गोल बसवून बोलतं करत. झुंबरबाई 'भात' म्हणायला जाई आणि 'पात' म्हणे, मग कपाळ बडवून घेई. पण मॅडमनी हनुमंताकडे बोट दाखवून "आजी, हे कोण?" विचारलं, की ती गप्प. दर बुधवारी गप्प.

ते हनुमंताला आतून कुरतडत होतं. तिनं नवऱ्याचं नाव संसाराला लागल्यापासून कधी घेतलं नव्हतं, हे खरं. 'अवं', नाहीतर 'आमचं ह्ये'. पण आता ती रीत पाळतेय, की आपण तिला ओळखूच येत नाही? जिचं अंग पुसायचं, केस विंचरायचे, तिच्या लेखी आपण कुणीच नसू, तर हे ओढायचं कुणासाठी?

"म्याडम, म्हातारी मला इसरलीया," एकदा तो बोलून गेला. "आता न्हाई व्हत माज्याच्यानं. फुडल्या बुदवारपासनं न्हाई येत आमी."

मॅडमनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "आबा, लग्नात उखाणा घेतला होता का त्यांनी?"

"घेतला व्हता की." लाजत लाजत त्यानंच सुरुवात करून दिली, "तिकोण्याच्या पायथ्याला आंबेमोहर भात..."

"हनुमंतरावांचं नाव घेते, धरून त्यांचा हात!" झुंबरबाईनं सुरात, न अडखळता पुरं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हनुमंताला रडू आवरेना. पाठ असलेलं जिभेवर टिकतं, असं मॅडम सांगत होत्या. ते त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण सुख कसलं! ते नाव तिच्या जिभेला चिकटूनच बसलं. चहा हवा असला तरी 'हनुमंतराव'. म्हैस सुटली तरी 'हनुमंतराव'. आळीतल्या बाया हसून म्हणायच्या, "म्हातारीनं जन्माची कसर भरून काढली गं!" हनुमंताला हसू येत नव्हतं. म्हैस आणि आपण एकाच दावणीला, एवढंच त्याला कळलं.

एका संध्याकाळी पाणी पाजता पाजता त्यानं तांब्या वर धरला. "ह्ये काय?"

"हनुमंतराव."

"आन त्ये?" त्यानं चुलीपाशी निजलेलं मांजर दाखवलं.

"हनुमंतराव."

त्यानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "आन मी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डाव्या हातानं चाचपत पदर डोक्यावर ओढून घेतला, मान खाली घातली, आणि काही केल्या तोंड उघडेना.

"बरं बरं," हनुमंत म्हणाला. "बुदवारी जाऊ."