उपरण्याखालचा सौदा

कार्बोलिकचा वास आला की बारामतीचा तो दवाखाना आठवतो. वडिलांची लघवी अडली होती. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "कायमची रबरी नळी, नाहीतर पुण्याला पोट उघडून वाट करायची. लघवी सुटेल, रोग हटणार नाही." "कशात किती महिनं मिळत्याल?" वडिलांनी विचारलं. माझ्यासमोर आकडा सांगायला डॉक्टर कचरले. तेव्हा आमच्या गुळाच्या बाजारात भाव लपवायला टाकतात तसं वडिलांनी आपल्या आणि डॉक्टरांच्या हातावर उपरणं टाकलं. "हितं बोटं दाबा. जितकं महिनं, तितकी बोटं." पेठेतच वाढलेल्या डॉक्टरांनी आधी नळीसाठी, मग शस्त्रक्रियेसाठी बोटं दाबली. "नळीच घाला," वडील म्हणाले. "किती बोटं?" मी भडकून विचारलं. "सौदा दोघांतच ऱ्हातो, गड्या." पुढं त्याच बाजारात मी उपरण्याखाली हजारो सौदे केले, तो एक मात्र मला कुणी उघडून दाखवला नाही.