गुडघाभर भिंतीचा मिस्तरी

कोणत्याही भिंतीला हात लावण्याआधी तिला पाणी पाजलं पाहिजे, यापुढे बांधकामातली बाकी विद्या गौण आहे, असं मिस्तरी मानायचा. ओंजळीने पाणी मारताना त्याचा चेहरा अभिषेक करणाऱ्यासारखा व्हायचा. भिंत आमच्या गॅरेजची होती आणि गुडघ्याच्या जेमतेम वर येत होती.

"पहिलं पाणी, मग काम," तो म्हणायचा.

त्याचा पाडा मोलगीच्या वरच्या अंगाला. तिथून जीपने तो आमच्याकडे खापरला यायचा. आला की उलट्या डब्यावर बसून थोडा वेळ नुसता श्वास गोळा करायचा. शिडीचं काम घेत नसे. बसून हात पोचेल तेवढीच भिंत त्याची. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो.

एकदा चहा पिताना कळलं, की तरुणपणी तो गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यात होता. बरोबर पाड्यावरचे बरेच जण होते.

"जीप भरून गेलतो, सर," तो म्हणाला. "आता उरलेले सगळे एका मोटरसायकलवर मावतो."

तो हसला. त्या हसण्याचा खोकला झाला आणि चहा निवेपर्यंत चालला.

गॅरेज माझ्या थोरल्या बंधूंच्या, आप्पांच्या, नव्या बॅटरीच्या गाडीसाठी होतं. आप्पा माजी सरपंच. तीन बाजूंना काँक्रीटची बुटकी भिंत, वर खांबांवर पत्रा. गाडी तापू नये म्हणून उन्हाच्या बाजूच्या भिंतीला आतून थर्माकोल चिकटवला होता. वरच्या पत्र्याचं काय, हे मी विचारलं नाही. बाकीचं काँक्रीट, ओतताना लावलेल्या फळ्यांच्या सांध्यांचे कंगोरे घेऊन, उघडं होतं. थर्माकोलवर जाळी ठोकून गिलावा करायचा आणि कंगोरे काढून भिंत गुळगुळीत करायची, एवढं मिस्तरीचं काम.

कंगोरे तो भिंत ओली करून छिन्नीने एकेक काढायचा. धूळ उडू द्यायचा नाही. वेळ फार जायचा. आप्पा येता-जाता विचारत, "भितले आंघोय घाली ऱ्हायना का रे?"

"हो आप्पा. तीर्थाला जायचंय तिला."

पाडव्याला गाडी यायची होती, फीत कापायला पुढारी ठरले होते. मध्ये होळी. काठी गावच्या होळीला गेलेली डोंगरातली माणसं पंधरा दिवस खाली उतरत नाहीत, हे आप्पांना पक्कं ठाऊक. त्यांनी घासायचं मशीन आणून मिस्तरीपुढे ठेवलं. तो म्हणाला, आधी पाणी मारतो. विजेच्या मशीनजवळ पाणी नको, असं आप्पांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

"मशीनले हात लावस, का दुसरा मिस्तरी बलावू?"

मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फुप्फुसांची आकृती फळ्यावर न बघता काढायचो. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याने नाकाला ओलं फडकं बांधलं. दुपारभर गॅरेजमधून पांढरे लोट येत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या पापण्याही पांढऱ्या होत्या. डब्यावर बसला, पण श्वास गोळा व्हायला त्या दिवशी संध्याकाळ झाली. "जुन्या मालकाकडे जाऊन आलो," एवढंच म्हणाला.

पुढच्या दोन दिवसांत त्याने थर्माकोलवर गिलावा केला, सगळ्या भिंतीवरून ओला स्पंज फिरवला, आणि शेवटी डोळे मिटून तळहात फिरवला. मग होळीला गेला.

तो परत आला नाही. जीपवाल्याने सांगितलं, की काठीला तो ढोलाशेजारी बसून होता, उठला नाही, पाडव्याआधी गेला. एका दुपारच्या धुळीने माणूस जात नाही, असं डॉक्टर सांगतील. हे माझ्या सोयीचं आहे, म्हणून माझा त्यावर विश्वास बसत नाही.

पाडव्याला फीत कापली. अशा गाड्यांमुळे पुढच्या पिढीला शुद्ध हवा मिळेल, यावर पुढारी पुष्कळ बोलले. लोक गेल्यावर मी खाली बसून त्या भिंतीवरून हात फिरवला. कुठेही एक खडा लागला नाही.

गाडी आत लावली की ती भिंत दिसत नाही.