नऊ नंबरच्या नावाने

तुमच्या ताईने कबड्डी सोडली का, असं तुम्ही नातवंडांनी विचारलंत. सोडलेली नाही. पण कॉलेजच्या अंतिम सामन्यात ती खेळली नाही, आणि त्याला कारण मी आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

साखळीतल्या शेवटच्या सामन्यात शेवटची चढाई तिची होती. मधली रेषा हातभर लांब असताना चौघींनी तिला धरलं. एका गुणाने हार. संघ पुढच्या फेरीत गेला, तरी कुणीतरी तेवढाच व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खाली लोक लिहीत होते, "हिले काहून पाठवलं?" "सरांची नातेवाईक असन." तुमचा काका, म्हणजे तिचा बाप, रोज सकाळी चहा घेताना ते सगळं वाचायचा. काकूने "वाचू नका" म्हणणं सोडून दिलं होतं. ती पोळ्या लाटत राहायची.

संघ अंतिम सामन्यात पोचला. तिला खेळवायचं की राखीव ठेवायचं, हे तिचे प्रशिक्षक सर शुक्रवारी सांगणार होते.

गुरुवारी दुपारी मी टॅबवर तो व्हिडिओ उघडला आणि खाली इंग्रजीत चार वाक्यं लिहिली, आम्हाला शाळेत शिकवलं होतं तशी. नऊ नंबरच्या मुलीला चौघींनी धरलं होतं, कृपया आधी खेळ नीट पाहावा, वगैरे. पुन्हा वाचून एक स्वल्पविराम घातला आणि पाठवून दिलं. वर माझं नाव येईल असं मला वाटलं होतं. पण आदल्या दिवशी ताईने माझ्याच टॅबवर आपल्या चढाया पाहिल्या होत्या, आणि तिचं खातं तसंच उघडं राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. "नऊ नंबर स्वतःचीच वकिली करून राहिली." "पकड सुटत नाही, पण मॅडमचं इंग्रजी भारी."

"काय केलं वं आई हे," काका म्हणाला. आवाज चढवला नाही.

सरांना फोन करते, असं मी म्हटलं. ताई बॅग भरत होती. "नको आजी. आजीनं लिहिलं म्हटलं तर आणखी हसतील."

शुक्रवारी सरांनी तिला विचारलं, "तूच लिहिलं का?" ती हो म्हणाली. "मग बस बाजूले," सर म्हणाले.

सामन्याला आम्ही तिघं गेलो. ती गुडघ्याला पट्टी बांधून राखीव मुलींच्या बाकावर बसली होती. मध्यंतरात काकूने डबा उघडला, आम्ही पोळी-भाजी खाल्ली. कॉलेज जिंकलं. लोक उठले तसे आम्हीही उठलो, टाळ्या वाजवल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

मनीषनगरला घरी आल्यावर ताईने माझा टॅब घेतला, आपलं खातं बंद केलं आणि माझ्या नावाचं नवीन उघडून दिलं.

"फोटो कोणता लावू?"

"कोणताही."

"आता लिही," ती म्हणाली.

मी रोज दुपारी ते उघडते. अजून काही लिहिलेलं नाही.