आईच्या अक्षरातलं खोटं पत्र

आईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी धाकटा भाऊ हिंजवडीहून सदाशिव पेठेत माझ्या घरी आला. हातात जाड, गुळगुळीत पाकीट.

"ताई, उघड ना. सरप्राइज आहे."

आत पत्र होतं. आईच्या अक्षरात. तेच डावीकडे कललेले काने, तीच एकमेकांना चिकटलेली अक्षरं. मग वाचलं : 'माझ्या लाडक्या लेकीस, मी जिथे आहे तिथून तुझ्याकडे अभिमानाने पाहते आहे.'

मला शिसारी आली. आई लिहायला शिकली ती माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून. मी नोकरीसाठी नागपूरला होते, तेव्हा ती आंतरदेशीय पत्रं पाठवायची. वर 'जयभीम', मग तिचा गुडघा, नळाची वेळ, शेजारणीचं भांडण, आणि 'दूद पीत जा'. दुधातला ध तिला शेवटपर्यंत जमला नाही. आणि मेलेलं माणूस वरून बघत असतं, असं कुणी म्हटलं की ती सरळ हसायची.

"हे कोणी लिहिलं?"

"अॅपने. पत्रं स्कॅन करून दिली की ते अक्षर शिकतं, मजकूरही बनवतं. एक तरी चूक दाखव!"

"आणि पत्रं?" स्मृतिदिनाला फोटोशेजारी मांडायची म्हणून फ्रेम करायला मीच ती त्याला दिली होती.

"रद्दीत दिली अगं. पीडीएफ आहे ना."

मी चप्पल घातली आणि त्याला गाडी काढायला लावली. ट्रॅफिकमध्ये दीड तास तो मला समजावत होता की मी ओव्हररिअॅक्ट करतेय. त्याच्या सोसायटीबाहेरचा रद्दीवाला म्हणाला, "म्याडम, माल गेल्या आठवड्यातच गेला."

परतताना रिक्षात त्याने पाठवलेली पीडीएफ उघडली. त्याने फक्त मधलं पान स्कॅन केलं होतं. जागा संपली की आई दुमडायच्या पट्ट्यांवर लिहायची. खरं बोलायचं असायचं ते तिथेच, बारीक अक्षरात. बाबांचं पिणं, तिचं रडणं. त्या पट्ट्या कुठेच नव्हत्या.

घरी येऊन ते गुळगुळीत पत्र फाडलं, ओल्या कचऱ्यात टाकलं आणि साबणाने हात धुतले.

चार दिवसांनी भावाचा लांबलचक माफीचा मेसेज आला. 'आपल्या भावना दुखावल्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.' आयुष्यात त्याने मला कधी आपण म्हटलेलं नाही.

मी एवढंच विचारलं, "हे तू लिहिलंस?"

त्याने ते वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.